स्पर्धा आमच्या गल्लीतून जावो

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा येऊन पडला. एरवी या ग्रुपवर पाण्याचा टँकर, हरवलेलं मांजर आणि 'गेटसमोर पांढरी गाडी कोणाची?' हे तीनच विषय चालतात. नकाशावर एक लाल रेघ होती. ती पुणे जिल्ह्यातून नागमोडी फिरत होती आणि जो तो दोन बोटांनी स्क्रीन ताणून एकच गोष्ट शोधत होता : ही आपल्या दारावरून जाते का?

रेघ होती 'पुणे ग्रँड टूर'ची. जानेवारी २०२६ मध्ये देशोदेशीचे सायकलपटू पुण्यात येणार आणि पाच दिवसांत ४३७ किलोमीटर सायकल हाणणार, असा बेत होता. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या दप्तरी ही '२.२' दर्जाची स्पर्धा. त्यातला पहिला दोन म्हणजे टप्प्याटप्प्यांची शर्यत आणि दुसरा दोन म्हणजे तिची यत्ता. आमच्या सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये ते 'दोन पूर्णांक दोन दशांश' असं वाचलं, तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "कितीपैकी?"

सायकलपटू कोण, कुठले, याची चौकशी कोणी केली नाही. लोकांनी नेमका मुद्दा उचलला होता. ही मंडळी बोटभर रुंदीच्या टायरवरून ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने जातात, त्यांना खड्डा चालत नाही. म्हणजे जिथून रेघ जाणार, तिथे नवं डांबर पडणार!

आणि रेघ आमच्या सोसायटीच्या दोनशे मीटर अलीकडे, गल्लीच्या तोंडावरूनच पुढे निघून गेली होती.

मोठ्या स्पर्धा आपल्या भागात का आणायच्या, याची छापील कारणं पुष्कळ असतात. पर्यटन वाढतं, रोजगार येतो, तरुणांना प्रेरणा मिळते, जगाच्या नकाशावर नाव झळकतं. खरं कारण मला आमच्या न्हाणीघराच्या कडीने शिकवलं. ही कडी दोन वर्षं तुटलेली होती. आत गेलेल्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असा घरात दंडक होता. गाणं थांबलं की बाहेरच्याने दार ढकलायचं. सासरे आमच्याकडेच असतात. त्यांना एकच भूपाळी येते, ती त्यांनी दोन वर्षं तिन्ही त्रिकाळ म्हटली. मग मुलीला बघायला मंडळी येणार असं ठरलं आणि त्याच दुपारी सुतार आला, चाळीस रुपये घेऊन वीस मिनिटांत कडी लावून गेला. त्याच दिवशी पंख्याची पाती पुसली गेली, दाराची बेल बदलली गेली आणि कपाटात वीस वर्षं जपलेल्या कपबश्यांना पहिल्यांदा चहाचं दर्शन झालं. घर आमचंच, राहतो आम्हीच, पण ते राहण्याजोगं करायला पाहुणे लागले.

गावांचंही असंच असतं. फक्त त्यांचे पाहुणे ट्रॅकसूट घालून येतात.

पुण्याला या पाहुण्यांची सवय जुनी आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत क्रीडानगरी उभी राहिली. तेव्हा बालेवाडीला जाणं म्हणजे डबा बांधून न्यायचा प्रवास होता. लोक म्हणाले, एवढ्या लांब खेळायला जाणार कोण? पण घराला नवी खोली काढली की ती भरायला पाहुणे शोधावेच लागतात. तसे ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या निमित्ताने ७१ देशांचे पाहुणे आले. त्यांचं शुभचिन्ह होतं 'जिगर' नावाचा वाघाचा बछडा. दिल्लीच्या २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा शेरा हा त्याचा थोरला भाऊ. म्हणजे थोरल्याच्या लग्नाआधी धाकट्याची मुंज आपण पुण्यात उरकून घेतली.

त्या सुमाराला बाणेर-बालेवाडीकडचे रस्ते रुंद झाले, दिव्यांचे खांब आले, दुभाजकावर झाडं आली. पदकं कोणालाही मिळोत, ज्यांच्या नावाचा तिकडे सातबारा होता त्यांचं सुवर्ण पक्कं होतं. महिन्याभरात सायना नेहवाल बालेवाडीत युवा स्पर्धेचं सुवर्ण जिंकली आणि मागोमाग तिथेच ज्युनिअर जगज्जेतीही झाली. आम्हीही त्या महिन्यात सहकुटुंब बालेवाडीला गेलो होतो. रस्ता बघायला. माझ्या एका मेव्हण्याने गाडी मुद्दाम टॉप गिअरमध्ये टाकून दाखवली आणि म्हणाला, "बघा, कपातला चहा हलणार नाही." सायना नेहवाल तिथून अर्ध्या किलोमीटरवर खेळत असावी.

पुणेकर पाहुण्याला चहाचं विचारत नाहीत, असा आमच्यावर आरोप आहे. ज्यांनी तो केला त्यांनी आमची मैदानं पाहिलेली नाहीत. तिथे आम्ही पाहुण्याला नुसता चहा देत नाही, सामना देतो.

सुरुवात झाली २९ फेब्रुवारी १९९६ला. विश्वचषकातला केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज हा सामना नेहरू स्टेडियमला आला. सामना वाटपात मुंबईला काय आलं, कोलकात्याला काय आलं हे सांगून आम्हाला आणखी वाईट वाटून घ्यायचं नाही. तिकीट फुकट मिळालं म्हणून गेलेल्यांतला मी एक. केनिया १६६ धावांत आटोपली तेव्हा काहीजण 'पाच वाजता घरी' असा हिशेब करून डबे उघडून बसले. मग लारा ८ धावांवर रजब अलीच्या चेंडूवर यष्टीमागे झेल देऊन परतला. यष्टिरक्षक तारिक इक्बाल तब्येतीने भारदस्त गृहस्थ. बँकेतून परस्पर मैदानावर आल्यासारखा दिसायचा. पण झेल त्याने सोडला नाही. वेस्ट इंडीज ९३ सर्वबाद! दोनदा जग जिंकलेला संघ चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला पुण्यात हरला. केनियाची मंडळी मैदानाला फेरी मारत होती आणि आम्ही आमचीच पोरं जिंकल्यासारखे ओरडत होतो.

केनियाला पुणं लाभतंच. १९८३ पासून पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते. तिच्या मुख्य शर्यतीत पुढे कोण असणार, हे धावपटू सुटण्याआधी लक्ष्मी रोडवरचा फुगेवालाही सांगू शकतो : केनिया किंवा इथिओपिया. आमची भूमिका रस्त्याच्या कडेला केळी आणि पाणी धरून उभं राहण्याची.

गहुंजेला नवं स्टेडियम झाल्यावर तर पाहुणचाराला मर्यादाच राहिली नाही. पुण्याला पहिली कसोटी मिळाली फेब्रुवारी २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. पाच दिवसांची तिकिटं काढून, ऑफिसात पाच दिवस आजारी पडून लोक तयार. भारत १०५ आणि १०७. स्टीव्ह ओकीफ नावाच्या फिरकीपटूने पहिल्या डावात ३५ धावांत सहा बळी घेतले आणि दुसऱ्या डावातही ३५ धावांत सहाच. पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढताना हात आखडता घ्यायचा नाही, एवढे संस्कार आमच्या खेळपट्टीवर आहेत. ३३३ धावांनी हरून कसोटी तिसऱ्या दिवशी संपली. पाच दिवस आजारी पडलेले चौथ्या दिवशी नाइलाजाने बरे झाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंड आलं. मायदेशात भारताने ओळीने अठरा कसोटी मालिका जिंकल्या होत्या. ती माळ तुटली गहुंजेत. मिचेल सँटनरने तेरा बळी घेतले. मधे २०१९ साली दक्षिण आफ्रिकेला आपण डावाने हरवलं होतं हे खरं. पण प्रत्येक घरात असा एखादा दिवस येतो, की पाहुणे आलेत हे कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसऱ्याचे पाहुणे पुरेनात म्हणून आम्ही घरचा संघही घेऊन पाहिला. आयपीएलमध्ये 'पुणे वॉरियर्स' तीन वर्षं टिकला आणि तिन्ही वर्षं तक्त्याच्या तळाजवळ बसून होता. मग आला 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स'. पहिल्या वर्षी जमलं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी नावाच्या शेवटचा इंग्रजी 'एस' काढून टाकला. एक अक्षर काढताच संघ थेट अंतिम सामन्यात पोचला आणि मुंबईकडून हरला, तोही एका धावेने. आमचे वरच्या मजल्यावरचे काका व्याकरणाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "अनेकवचनाचं एकवचन केलंत, एक तर कमी पडणारच."

असो. तर रेघ.

सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. विषय : 'रेघ दोनशे मीटर सरकवणे.' एरवी लिफ्टच्या देखभालीच्या सभेला सात माणसं येतात आणि त्यांतली तीन चहाला. या सभेला खुर्च्या कमी पडल्या. अर्जाचा मसुदा काकांनी केला. त्यात आमच्या गल्लीची वैशिष्ट्यं होती. एक, गल्लीला नैसर्गिक चढ असून तो घाटसदृश आहे. दोन, गल्लीच्या टोकाला शंभर वर्षांचा पिंपळ आहे. तीन, गल्लीतले एक आजोबा तरुणपणी रोज खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात, ते पाहुण्यांचं स्वागत करण्यास तयार आहेत. आजोबा मागून म्हणाले, "आणि चार, गल्लीत अकरा खड्डे आहेत." त्यावर बरीच खडाजंगी झाली. खड्डे लिहिले तर स्पर्धा येणार नाही आणि नाही लिहिले तर डांबर येणार नाही! शेवटी 'रस्त्याच्या सुधारणेस भरपूर वाव आहे' असं लिहायचं ठरलं.

अर्जाला उत्तर आलं नाही. डिसेंबरच्या एका रात्री मुख्य रस्त्यावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, डांबराच्या गाड्या आल्या.

रात्री अकरा वाजता अख्खी सोसायटी स्वेटर-कानटोप्या घालून कोपऱ्यावर उभी. आधी जुना थर खरवडला गेला. मग एक माणूस लांब नळीतून काळं पाणी शिंपडत गेला. मग ते मोठं मशीन आलं, पुढून खडी-डांबर खाणारं आणि मागून वाफाळता रस्ता सोडणारं. त्याच्या मागे रोलर, इस्त्रीवाल्याच्या शांतपणे. डांबराचा तो गरम, उग्र वास आला आणि काकांनी डोळे मिटले. अशा वेळी पुण्यात जंगली महाराज रस्त्याची गोष्ट निघाल्याशिवाय राहत नाही, तशी ती निघाली. १९७०च्या दशकात रेकॉन्डो नावाच्या मुंबईच्या कंपनीने तो बांधला, दहा वर्षांची हमी दिली आणि पुढे कितीतरी दशकं त्याला खड्डा म्हणून पडला नाही. काका ही गोष्ट आजोळच्या आंब्यांसारखी सांगतात. सांगून झाल्यावर जरा थांबून म्हणाले, "आणि त्यासाठी कोणाला सायकलवर बोलवावं लागलं नव्हतं."

दुसऱ्या रात्री पांढरे पट्टे आले. तिसऱ्या दिवशी आजोबांचा गतिरोधक गेला. हा गतिरोधक आजोबांनी सहा वर्षं अर्ज करकरून मिळवला होता. त्यांच्या घरी त्याचा वाढदिवसही झाला होता म्हणतात. स्पर्धेच्या वाटेवर उंचवटे नकोत म्हणून तो एका सकाळी उखडला गेला. आजोबा बराच वेळ त्या सपाट जागेकडे बघत उभे राहिले. "ज्याने सायकलवर नोकरी काढली त्याच्यावरच सायकल आली," एवढंच म्हणाले.

मुख्य रस्त्यावरच्या सोसायटीतल्या लोकांची चालच बदलली. जेवण झाल्यावर ते नव्या रस्त्यावर शतपावलीला निघू लागले, तेही शाल घेऊन. 'या एकदा आमच्याकडे' असं एक गृहस्थ मला स्वतःहून म्हणाले. पुण्यात असं आमंत्रण तारीख न घालता दिलेलं असतं, पण दिलं हेही काही कमी नाही.

इकडे आमच्या सोसायटीत 'पुढच्या स्पर्धा' अशी समिती निघाली. तिने दुरुस्तीच्या उपयुक्ततेनुसार खेळांची यादी केली. मॅरेथॉन : चांगली, पण धावणारे खड्डा चुकवू शकतात. रात्रीचे सामने : दिवाबत्तीसाठी उत्तम. बुद्धिबळ : सभागृहात होतं, नको. नौकानयन : सर्वांत तातडीचं, कारण नदी. त्यावर कोणीतरी आठवण दिली, की अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा रेगाटा मुळेवर होतोच की. "तो घरच्या मुलांचा," समितीच्या अध्यक्षा वहिनी म्हणाल्या. "घरच्यांसाठी कोण नदी आवरतं?" २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्याची बातमी निघाली तेव्हा काका हळहळले. म्हणाले, "स्पर्धा गरजू गावाला द्यायला हव्यात. दाखला मागवून."

शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद. सकाळपासून फुटपाथवर गर्दी. शाळेची पोरं हातात झेंडे घेऊन रांगेत, एका बाजूला ढोल, पोलिसांच्या शिट्ट्या. दुचाकीशिवायचा तो मोकळा, काळा, चकचकीत रस्ता पाहून लोक आवाज खाली आणून बोलत होते. एक कुत्रं मधोमध ऐटीत बसलं होतं, त्याला उठवायला तीन पोलीस लागले. दोन तास गेले. मग मोटारसायकली आल्या, मग टपावर सायकली लादलेल्या गाड्या. पोरं ओरडली, "आले! आले!" आणि कबुतरांचा थवा डोक्यावरून जावा तसा सर्रकन आवाज झाला, रंगांचा एक पट्टा सरकला, चेहऱ्यावर वारा आला.

"पहिला कोण?" मी विचारलं.

"गेला," काका म्हणाले. त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं. नंतर पाहिलं तर त्यात त्यांचा अंगठा होता.

दोन महिने डांबर, दोन तास प्रतीक्षा आणि पंधरा सेकंद शर्यत. पण लोक हलले नाहीत, कारण पाठीमागून अजून एक जण येत होता. एकटाच. बारीक चणीचा, लालबुंद झालेला, कोपराला खरचटलेलं. पुढच्या थव्यासाठी कोणाला टाळीही वाजवता आली नव्हती, ती सगळी टाळी याच्या वाट्याला आली. ढोलवाल्यांना नीट सूर सापडला. वहिनी कठड्यावरून पुढे वाकून ओरडल्या, "चल बाळा, चल, थोडंच राहिलंय!" टप्पा अजून निम्मा बाकी होता. त्याला मराठी येत असण्याचं काही कारण नव्हतं, पण त्याने मान हलवली आणि पायडलवर उभा राहिला. जाता जाता त्याने पाण्याची रिकामी बाटली कडेला टाकली. ती एका पोराने झेलली. आता ती सोसायटीच्या ऑफिसात गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांशेजारी काचेच्या कपाटात आहे.

एके काळी हे सायकलींचं शहर होतं, म्हणतात. म्हणतात कशाला, मीच त्यात होतो. डबलसीट, दिव्याविना, चौकात पोलीस दिसला की उतरून हातात धरून. आता कर्वेनगरात सायकलींचं संग्रहालय आहे आणि माझी सायकल पार्किंगमध्ये दोन्ही टायर टेकवून उभी आहे. ती संग्रहालयात नाही एवढाच फरक. शर्यत गेल्यावर मी हवा भरून ती बाहेर काढली. सासऱ्यांनी विचारलं, "कुठे?" म्हटलं, रस्ता बघून येतो.

आमच्या गल्लीतले अकरा खड्डे पार करून मी मुख्य रस्त्यावर आलो. सायकल तेल लावल्यासारखी निघाली. संध्याकाळची वर्दळ पुन्हा सुरू झाली होती. चहाच्या टपरीसमोर आलो आणि हँडल आपोआप डावीकडे वळलं. गेली पाच वर्षं तिथे एक खड्डा होता, परातीएवढा. रोज चुकवायचो. तो आता नव्हता, खाली काळा तुळतुळीत रस्ता होता, पण मी त्याला वळसा घातला. स्वतःचीच लाज वाटली म्हणून मागे पाहिलं. माझ्यामागून येणाऱ्या स्कूटरने तिथेच वळसा घेतला. तिच्यामागच्या रिक्षानेही घेतला. रिक्षामागच्या दुधवाल्याने तर आधी ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि मग वळसा घेतला.

घरी आलो तेव्हा न्हाणीघराचं दार आतून बंद होतं, नव्या कडीने, घट्ट. आत सासरे भूपाळी म्हणत होते.